अठरापैकी चार डायग्राम

हा लेख मी दुसऱ्यांदा लिहितो आहे. दिगंबर गेल्याला पंधरा दिवस झाले तेव्हा या पुरवणीच्या संपादकांनी निरोप पाठवला, की त्याच्याबद्दल रत्नागिरीत कुणी लिहायचं तर ते तुम्हीच. मीही डोळे पुसत पुसत चार पानं लिहून काढली. त्यात 'निगर्वी' होतं, 'देवमाणूस' होतं, 'हाताला गुण असलेला कारागीर' होतं... अशा लेखात जे जे असावं लागतं ते सगळं होतं. ती चार पानं मी फाडली. कारण तिसऱ्या आठवड्यात त्याच्या बायकोने, सुमनवहिनींनी, दुकानातले कागद आवरायला मला बोलावलं, आणि तिथे मला कळलं की ज्याला मी वीस वर्षं मित्र म्हणत आलो त्याने अगदी थंड डोक्याने, पट्टी-पेन्सिल घेऊन, माझा धंदा बुडवला होता. धंद्याचं एक वेळ जाऊ दे, पण त्याबरोबर माझ्या हातांवरचा माझा भरवसाही गेला होता. मेलेल्या माणसाबद्दल असं लिहायचं नसतं हे मला कळतं. पण जिवंतपणी भांडायची संधी त्याने मला दिली नाही, तर मी आता दुसरीकडे कुठे बोलू?

मिरकरवाड्याच्या बाजूला एका बर्फाच्या कारखान्यात मी कॉम्प्रेसर सांभाळतो. तिथे, दिगंबर गेला त्या सकाळी, ऑफिसातून हाक आली, फोन आहे म्हणून. पलीकडे दिगूचा शेजारी होता. "शरदराव, तुमचा दिगू गेलान हो. चहा पीत होता, कप खाली ठेवलान आणि गेलान." मी पायातले रबरी बूट न काढता तसाच रिक्षात बसलो. राम आळीत पोचलो तर दुकानाची फळी अर्धी उघडी होती, आत टेबलावरचा दिवा चालू होता आणि त्याच्याखाली एक रेडिओ पोट उघडून पडला होता. तो दिवा मीच बंद केला. तिरडीला खांदा दिला, वहिनींच्या मोठ्या मुलाला धरून बसलो, तेराव्यापर्यंत रोज गेलो. लोक मला येऊन भेटत होते, जणू माझ्याच घरातलं माणूस गेलं होतं. आणि मला तसंच वाटत होतं, हे आज लिहितानाही नाकारत नाही.

आम्ही दोघं आधी एका रेडिओ विक्रेत्याकडे नोकरीला होतो आणि हे ऐंशीचं दशक सुरू झालं त्या सुमारास आम्ही राम आळीत भागीत दुकान टाकलं. नवे कॅसेटवाले टेप आखातातून येऊ लागले होते, पुढे व्हिडिओही आले, पण आमचं पोट चाले ते जुन्या, काचेच्या दिव्यांसारख्या व्हॉल्व्हच्या यंत्रांवर. बोटीवरच्या माणसांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हँबर्गहून, एडनहून आणलेले रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर आणि स्पूलचे टेपरेकॉर्डर रत्नागिरीच्या घराघरांत होते, आणि आमच्या खाऱ्या हवेत ते सगळे कधी ना कधी आजारी पडतच. अडचण एकच. आतला एखादा भाग जळला की त्याच्यावरचे रंगाचे पट्टे काळे पडतात, मग तो किती ओहमचा होता हे सांगणार कोण? ते सांगतो डायग्राम, म्हणजे यंत्राच्या आतल्या जोडणीचा नकाशा. तो असतो कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये, आणि मॅन्युअल असतं सातासमुद्रापार. आम्ही दोघं डिक्शनरी घेऊन इंग्रजीत पत्रं लिहायचो. चार-सहा महिन्यांनी एखादं जाड पाकीट यायचं आणि त्या दिवशी आम्ही दुकान लवकर बंद करून ते वाचत बसायचो. एकदा आलेलं मॅन्युअल अख्खं जर्मनमध्ये होतं. दिगू म्हणाला, "असू दे रे शऱ्या, डायग्रामला भाषा लागत नाय." आणि खरंच लागली नाही.

कधी एखादा बोटीवरचा वायरलेस ऑफिसर आपलं मॅन्युअल वाचायला द्यायचा, पण ते परत करायचं असायचं. तेव्हा या गावात मोठा कागद हुबेहूब उतरवून देणारं यंत्र नव्हतं. मग आम्ही ट्रेसिंग पेपर लावून डायग्राम हाताने उतरवायचो. उतरवून झाला की पडताळणी. एकाने मूळ कागदावरचा एकेक आकडा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नकलेवर तो बघायचा आणि बरोबर असेल तर त्याच्याशेजारी तांबड्या पेन्सिलीची बारीक टिकली द्यायची. एका डायग्रामवर दीडदोनशे आकडे. जोवर प्रत्येक आकड्याशेजारी तांबडी टिकली नाही, तोवर त्या कागदावर विसंबून कामाला हात लावायचा नाही, हा आमचा नेम होता. आणि टिकली असली की मग शंका काढायची नाही, हाही त्याच नेमाचा भाग होता. या गावात दुसरा कुणी कारागीर असं करत नसे. आम्हाला त्याचा केवढा ताठा होता. दिगूचं अक्षर तर असं, की लोक आमच्या नकलेला छापील समजायचे.

आता मागे वळून बघताना एक दिवस मला सारखा आठवतो. गावातले एक डॉक्टर आपला रेकॉर्ड प्लेअर घेऊन आले होते. दिगू पुढे झाला तर ते सहज म्हणाले, "नको, शरदलाच बघू दे. त्याच्या हाताला गुण आहे." दिगू हसला, यंत्र उचलून माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "घ्या धन्वंतरी." त्यानंतर कित्येक दिवस तो मला धन्वंतरीच म्हणायचा. मला ती मस्करी आवडायची. मी इतका बिनडोक, की मला ती मस्करीच वाटायची.

वर्षभराने वेगळं व्हायचं त्यानेच काढलं. भांडण काही नाही. एका दुकानात दोन माणसांना पुरेल एवढी जागा नाही, तू मारुती मंदिराकडे बघ, तिकडे वस्ती वाढतेय, असं तो म्हणाला आणि ते खोटंही नव्हतं. हत्यारांची वाटणी सोपी होती. प्रश्न मॅन्युअलचा होता, कारण ती एकेकच. दिगूने स्वतःच तोड काढली. मूळ मॅन्युअल राम आळीतच राहू देत, तुला लागणारे अठरा डायग्राम मी उतरवून देतो. दोन महिने तो बसून उतरवत होता. माझ्या दुकानाच्या पूजेला आला तो कापडी पुठ्ठ्याची फाईल घेऊनच. आत अठरा कागद, मोत्यासारखं अक्षर, आणि प्रत्येक आकड्याशेजारी तांबडी टिकली. "पडताळून दिलंय सगळं," म्हणाला, "सुमन वाचीत होती, मी टिकल्या देत होतो." वहिनी शेजारी उभ्या होत्या, त्याही हसल्या. मी ती फाईल गणपतीच्या तसबिरीपुढे ठेवली. पुढे दर खंडेनवमीला मीटर आणि डाख द्यायची हत्यारं पुजताना मी त्या फाईललाही हळदकुंकू वाहत आलो. दुकान बंद झालं तरी घरी वाहत आलो. गेल्या वर्षीही वाहिलं.

पहिले काही महिने बरे गेले. मग दुरुस्त करून दिलेली यंत्रं परत यायला लागली. सगळी नाही, काहीच, पण तीच ती. मी दिलं की दोन महिने झकास चालायचं आणि मग आतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे कर्ण्याला वीज पुरवणारं तारेचं वेटोळं, जळायचा. हेदवीचे एक म्हातारे तांडेल होते, पूर्वी बोटीवर खलाशांचे मुख्य. त्यांच्याकडे जर्मन बनावटीचा स्पूलचा टेपरेकॉर्डर होता आणि एकच फीत, वारलेल्या बायकोने म्हटलेल्या मंगळागौरीच्या गाण्यांची. दुसरं काही ते त्याच्यावर ऐकत नसत. पहिल्यांदा मी ते यंत्र उघडलं तेव्हा आतला एक रेझिस्टन्स, म्हणजे वीज आवरून धरणारा भाग, भाजलेला होता, पण पट्टे अजून ओळखू येत होते, लाल, जांभळा, तपकिरी. म्हणजे दोनशे सत्तर ओहम. डायग्राममध्ये मात्र दीडशे लिहिलेलं होतं, आणि शेजारी टिकली. मी काय केलं असेल? डोळ्यांसमोर दिसणारा भाग खोटा ठरवला. म्हटलं, आधीच्या कुणा अडाण्याने चुकीचा घातला असणार. तो काढला आणि दीडशेचा बसवला. मग मीटर लावून बघितलं. डायग्राममध्ये तिथे साडेसात व्होल्ट लिहिले होते, आणि मीटरचा काटा बरोबर साडेसातवर. मला केवढं समाधान वाटलं.

तांडेल दोन महिन्यांनी ते यंत्र गोणपाटात बांधून एसटीने घेऊन आले. मी नवा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घातला. पुन्हा दोन महिने. तिसऱ्यांदा आले तेव्हा दारातच उभे राहिले. "तुमी मानूस चांगले हाव," म्हणाले, "पन तुमच्या हाताला यश नाय. राग मानू नका. मी आता राम आळीत न्हेतंय." मी यंत्र उचलून रिक्षात ठेवायला मदत केली. दिगूने ते आठ दिवसांत दुरुस्त केलं आणि पुन्हा कधी ते बंद पडलं नाही. तांडेल गावभर सांगत फिरले. दिगू मात्र माझ्याबद्दल कुणाकडे वावगा शब्द काढत नसे. "शरद काम चांगलं करतो हो, एखाद्या वेळी राहून जातं," असं म्हणायचा. हे मला लोकच येऊन सांगायचे आणि मला वाटायचं, बघा, मित्र असावा तर असा.

मी घरी बायकोपाशी रडलो आहे. दुकानात एकटा बसून माझ्या बोटांकडे बघत बसलो आहे, थरथरतात का म्हणून. डोळे तपासून आलो, चष्मा लावला. डाख नीट लागत नसेल म्हणून नवी हत्यारं आणली. प्रत्येक वेळी शेवटी ती फाईल उघडून बघायचो आणि प्रत्येक वेळी काम डायग्रामबरहुकूम केलेलं निघायचं. म्हणजे दोष फक्त माझ्यात. अडीच वर्षांनी मी फळी बंद केली. तेव्हा दिगू स्वतः आला, स्टुलावर बसला आणि म्हणाला, "सगळ्यांना सगळं जमत नाय रे शऱ्या. तू जिवाला लावून घेऊ नको." बर्फाच्या कारखान्यात त्याच्या ओळखी होत्या. तिथे शब्द टाकून त्याने मला नोकरी लावून दिली. पहिल्या दिवशी गेटपर्यंत सोडायलाही आला होता. मी पेढे घेऊन त्याच्या घरी गेलो होतो... ते पेढे आठवले की आजही माझं डोकं भणभणतं.

तर त्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "भावोजी, रद्दीत द्यायला हात होत नाय. तुमालाच कळेल काय ठेवायचं ते." भिंतीला लागून दिगूचं खणांचं कपाट आहे, प्रत्येक खणावर त्याच्या अक्षरातली चिठ्ठी. वरच्या खणात मॅन्युअल होती. मी जुन्या प्रेमाने एकेक काढत होतो, अमुक कधी आलं, पाकिटावर कसलं तिकीट होतं हे वहिनींना सांगत होतो. तांडेलांच्या यंत्राचं मॅन्युअल हाताला लागलं. मी ते उघडलं. छापील डायग्राममध्ये त्या जागी दोनशे सत्तर लिहिलेलं होतं, आणि व्होल्ट नऊ. मला वाटलं उतरवताना चुकला असेल, माणूस आहे. पण चूक होते ती एका ठिकाणी. दोन आकडे एकमेकांना जुळतील असे चुकत नाहीत. मी पान उलटलं. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने आकडेमोड केलेली होती. दोनशे सत्तरच्या जागी दीडशे घातले तर व्होल्ट किती येतील, याचं गणित. दोनदा करून पाहिलेलं, आणि उत्तराला चौकट. साडेसात.

दुसऱ्या दिवशी घरून माझी फाईल नेली आणि वहिनींना काही न सांगता अठराच्या अठरा कागद मूळ मॅन्युअलशी ताडून पाहिले. चौदा बिनचूक. चार बदललेले, प्रत्येकात तोच भाग आणि त्याला जुळवून घेतलेले व्होल्ट. या गावात सगळ्यात जास्त येणारी चार यंत्रं त्याने निवडली होती. बदल किती हुशारीचा होता हे मी कारागीर म्हणून सांगू शकतो. रेझिस्टन्स कमी केला की व्हॉल्व्हमधून वीज जास्त जाते. व्हॉल्व्ह ते सोसतो, आवाज उलट भरदार येतो, गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं. पण त्या यंत्रांतला ट्रान्सफॉर्मर लहान. तो तापत राहतो आणि दोनेक महिन्यांनी आतल्या आत जळतो. लगेच जळला असता तर माझ्या लक्षात आलं असतं. त्याला तेही ठाऊक होतं. चौदा खरे ठेवले म्हणून चार पचले.

का केलंस, हे मी आता कुणाला विचारू? डॉक्टरांच्या एका वाक्यासाठी? मी मारुती मंदिरापाशी चार यंत्रं जास्त दुरुस्त केली असती तर तुझं काय जाणार होतं? बायको म्हणते, जाऊ दे, शेवटी नोकरी तर त्यानेच लावून दिली. तिला कसं सांगू की त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. त्याने मला नुसतं बुडवलं असतं तर मी त्याला शत्रू म्हणून मोकळा झालो असतो. त्याने मला बुडवलं आणि काठावर बसून हातही दिला, आणि तो हात मी इतकी वर्षं कपाळाला लावत राहिलो. मी त्याच्यासाठी खरं रडलो, ते रडणं मला परत मिळत नाही. परवा कारखान्यात कॉम्प्रेसरचा एक गेज बदलला, सोबत कंपनीचा छापील कागद होता, तर मी त्यातला प्रत्येक आकडा मोजून बघत बसलो. मुकादम म्हणाला, काय झालंय काय तुम्हाला? मी पुढचा आकडा मोजायला घेतला.

इथवर लिहून झाल्यावर मी हे आधी वहिनींना वाचून दाखवायला गेलो. त्या नको म्हणाल्या असत्या तर मी छापायला दिलं नसतं. दुकानातच बसलो, त्या दिगूच्या खुर्चीवर आणि मी स्टुलावर. मध्ये कुठे थांबवलं नाही त्यांनी. वाचून झाल्यावर मी विचारायचं ते विचारलं, की टिकल्या देताना तुम्ही आकडे वाचत होतात ना? त्या म्हणाल्या, "नाय हो. मी कधी वाचले नायत. पूजेच्या दिवशी ह्यांनी तसं सांगितलंनी, म्हटलं चारचौघांत कशाला खोटं पाडा." मग त्या उठून फळीशी गेल्या आणि बाहेर बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं रागावल्या. मी कागदाची घडी घालायला लागलो.

"भावोजी," त्या म्हणाल्या, "धाकटी शाळेत जायला लागली तेव्हा मी बालवाडीत शिकवायच्या जागेसाठी अर्ज केला होता. मुलाखत चांगली झालेली. तिथल्या मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, पत्र येईल. पत्र काय आलं नाय. मग हे म्हणाले, मी जाऊन विचारलं, जागा भरली. मी काय विचारायला गेले नाय. कशाला जायचं, ह्यांनी सांगितलंनी ना..." मी म्हटलं, वहिनी, तसं नसेल. पण माझ्या बोलण्यात जोर नव्हता, ते त्यांनाही जाणवलं असणार. "तुमी हे छापायला द्या," त्या म्हणाल्या, "आणि मी बोलले ते पण घाला." मी उठून वरच्या खणातली मॅन्युअल पिशवीत भरली आणि बाकीचे खण रिकामे करू का म्हणून विचारलं. सगळ्यात खालच्या खणावर दिगूच्या त्या सुरेख अक्षरात लिहिलेलं आहे, 'घर : पत्रे व इतर'. त्या म्हणाल्या, "त्याला हात लावू नका. तो मी बघते." मी निघालो तेव्हा त्या जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या, खण पूर्ण बाहेर ओढून. पहिलाच कागद हातात होता आणि त्याची मागची बाजू बघत होत्या.